इसोबेल, डंडीहून

रेंझो न्हावी मानेवरून मशीन फिरवत होता आणि आर्ची पेट्री डोळे मिटून बसला होता, तेवढ्यात रेडिओवर त्याच्या घरातलं वॉशिंग मशीन वाजलं. आधी मशीन वाजलं, आवाज नंतर आला. घरघर, घरघर आणि मग कुणी आतून लाथ मारल्यासारखा एक ठोका. असा ठोका साऱ्या डंडी शहरात एकाच स्वयंपाकघरात पडतो हे आर्चीला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या मशीनचं बेअरिंग तो मार्च महिन्यापासून बदलणार होता. त्यानं डोळे उघडले. आरशात त्याचाच चेहरा होता, गळ्याभोवती काळं कापड, एका कानावरचे केस कापलेले, दुसऱ्यावरचे तसेच. रेडिओवरचा निवेदक म्हणत होता, "आता फोनवर आहेत इसोबेल, डंडीहून. बोला इसोबेल, स्कॉटलंड स्वतंत्र व्हावा का, यावरच्या सार्वमतात अठरा तारखेला काय करणार आहात?" आणि मशीनच्या घरघरीवर मात करत नेट्टाचा आवाज आला, "मी 'नाही'ला मत देणार आहे." लग्नाला चौतीस वर्षं झालेली त्याची बायको. तिचा आवाज इतक्या लांबून, इतक्या लोकांसमोर त्यानं कधी ऐकला नव्हता. फोनवर ती असते त्यापेक्षा जरा हळू बोलत होती, बेकरीच्या काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलते तशी. "गंमत सांगू का, आमच्या खिडकीत 'हो'चं पोस्टर आहे. चांगलं हातभर. नवऱ्यानं लावलंय. खिडकी पुसते मी. त्यामुळे आमच्या दारावर कुणी फिरकतच नाही. 'हो'वाल्यांना वाटतं, हे आपलेच आहेत. 'नाही'वाल्यांना वाटतं, हे गेलेले आहेत."

"मग नवऱ्याला सांगितलं नाहीत तुम्ही?" निवेदकानं विचारलं.

"नाही."

"भीती वाटते का त्यांची?" त्याचा आवाज जरा हळवा झाला आणि जरा हावराही.

"छे हो! माशी मारायची झाली तर खिडकी उघडून तिला बाहेर सोडतो तो. भीती कसली? तो मला समजावून सांगेल, एवढंच." मशीननं ठोका दिला. "चौतीस वर्षं समजावून सांगतोय."

दुकान हसलं. रेंझो हसला. कोपऱ्यात पेपर वाचणारा म्हातारा हसला. पँटवर रंगाचे डाग पडलेला एक तरुण रंगारी पाळी येण्याची वाट बघत बसला होता, तोही हसला. आणि सगळ्यांबरोबर आर्ची पेट्रीही हसला. हे त्याला नंतर पुढचे दहा दिवस पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. नेट्टा काय म्हणाली ते एक वेळ ठीक, पण आपण हसलो, आणि ते अगदी सहज. निवेदक विचारत होता, "पण 'नाही' का?" आणि ती म्हणाली, "मला पटत नाही म्हणून. तेवढं पुरत नाही का?" मग ॲबर्डीनचा कुणी ब्रायन आला आणि समुद्रातल्या तेलावर बोलायला लागला.

"असल्या बायकांमुळेच आपण हरणार," रंगारी म्हणाला.

"असल्या बायका आहेत म्हणून देश शाबूत आहे, बाळ," म्हातारा पेपरामागून म्हणाला.

"कुठला देश आजोबा? तोच तर प्रश्न आहे!"

"माझ्या दुकानात सार्वमत नको," रेंझो म्हणाला. "मागच्या आठवड्यात एकाचा कान वाचला थोडक्यात." आणि आरशातून, खुंटीला टांगलेल्या आर्चीच्या कोटावरच्या निळ्या बिल्ल्याकडे बघत, "काय रे आर्ची? तू एवढा कट्टर 'हो'वाला. तुझ्याच घरात अशी एखादी इसोबेल निघाली तर?"

"आमच्या घरात नाही निघायची," आर्ची म्हणाला. "आपलं ठरलेलं आहे."

घरी गेला तेव्हा नेट्टा कपडे वाळत घालत होती. "बरे कापलेत की या वेळी," ती म्हणाली. त्यानं मान डोलावली. टेबलावर सूप झाकून ठेवलेलं होतं, बटाट्याचं आणि लीकच्या पातीचं. शेजारी ब्रेड होता. फोन भिंतीवर आपल्या जागी होता. त्या फोनकडे त्यानं इतकं टक लावून पाहिलं, की आत येताना ती म्हणाली, "कुणाचा फोन येणार आहे का?" "नाही," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून गेले सहा महिने निघाला नव्हता असं त्याला वाटलं आणि त्याचंच त्याला हसू आलं. तिनं त्याच्या बशीत जास्तीचा ब्रेड ठेवला. ती बेकरीत जायला निघाली तेव्हा तिचे केस, तिची पर्स, तिचा घाईघाईनं घातलेला कोट, सगळं रोजचंच होतं. खोटं बोलणारं माणूस वेगळं दिसायला हवं. पण ती खोटं कुठं बोलली होती? त्यानं कधी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर कसं देणार?

दुपारी शाळेच्या हॉलची फरशी पुसताना त्याला राग आला. आर्ची शाळेचा जॅनिटर होता. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी दोन ते सहा अशा त्याच्या दोन पाळ्या असत. एकोणीस वर्षांत तो एकदाही उशिरा पोचला नव्हता. मोठ्या झाडूनं हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना तो मनातल्या मनात तिच्याशी बोलत होता. पेन्शनचं काय ते बोलला, मग पौंडाचं, मग क्लाइडच्या खाडीतल्या अणुपाणबुड्यांचं. भिंतीपाशी पोचला की वळून पुढचा मुद्दा. तिसऱ्या फेरीला त्याच्या लक्षात आलं, की आपण तिला समजावून सांगतोय. तो हॉलच्या मधोमध थांबला. एकदा लक्षात आल्यावर ते पुसता येईना. संध्याकाळी जेवताना टीव्हीवर कुणी मंत्री दिसला तेव्हा आर्चीनं तोंड उघडलं, नेहमीसारखं. नेट्टानं चमचा खाली ठेवला, नेहमीसारखाच. त्यानं काही सुरू केलं की ती चमचा खाली ठेवते, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ऐकायच्या तयारीनं नव्हे, पाऊस आला की माणूस वळचणीला उभा राहतो तशी. त्यानं तोंड मिटलं. ती जरा वेळ थांबली, मग तिनं चमचा उचलला आणि त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं.

इसोबेल का? हे कोडं त्याला दोन दिवस पुरलं. तिच्या आईचं नाव ग्रिझेल होतं. आत्याबाई, मावश्या, शाळेतल्या मैत्रिणी, त्यानं सगळ्या आठवून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरच्या खोलीत काटा बघत असताना त्याला आठवलं, आणि तो तिथल्या उलट्या बादलीवर बसला. मुलगी झाली तेव्हा नेट्टा इस्पितळात होती आणि नाव नोंदवायला तो एकटा गेला होता. तेव्हा तो घड्याळांच्या कारखान्यात होता; तिथून परस्पर गेला, हाताला ग्रीसचा वास होता. नेट्टानं सांगितलं होतं, इसोबेल. का ते सांगितलं नव्हतं. आवडतं म्हणाली होती. नोंदणी कचेरीच्या पायऱ्या चढताना त्याला वाटलं, इसोबेल हे उमरावांच्या घरातलं नाव आहे, कामगाराच्या मुलीला नाव कसं ताठ कण्याचं हवं. आणि त्यानं रोझा लिहिलं. संध्याकाळी इस्पितळात खाटेशेजारी बसून त्यानं नेट्टाला समजावून सांगितलं, रोझा का. बराच वेळ सांगितलं. त्या नावाच्या, कामगारांसाठी लढलेल्या आणि गोळीला न घाबरलेल्या एका बाईची गोष्ट सांगितली. नेट्टा बाळाच्या डोक्यावरून बोट फिरवत होती. शेवटी म्हणाली, "छान आहे." ते 'छान आहे' त्यानं एकतीस वर्षं होकार म्हणून जपलं होतं. रोझा आता इंग्लंडात, लीड्सला असते आणि स्वतःला रोझी म्हणवते. तिला या सार्वमतात मत नव्हतं. बॉयलरचा काटा हिरव्यात होता. आर्चीनं वहीत तसं लिहिलं आणि उठला. म्हणजे ते नाव तिच्याकडे होतंच सगळा वेळ. कपाटात घडी करून ठेवलेल्या चादरीसारखं. आणि पहिल्यांदा वापरलं ते रेडिओवर.

मग त्याला सभा आठवायला लागली, आणि हे नावापेक्षा वाईट होतं. त्र्याण्णव साली घड्याळांच्या कारखान्यात संप करायचा की नाही यावर हात वर करून मतदान झालं होतं. आर्ची तेव्हा व्यासपीठाजवळ उभा होता, तो बोलणाऱ्यांपैकी होता. नेट्टा मागे, जोडणी विभागाच्या बायकांत होती. त्याच कारखान्यात दोघांची ओळख झाली होती; ती इवल्या चिमट्यानं काटे बसवायची. संप झाला, सात महिने चालला, बर्फात शेकोट्या पेटल्या, पोलीस आले, आणि शेवटी कारखानाच बंद पडला. दोघंही घरी बसले. तिनं कचेऱ्या झाडल्या, म्हाताऱ्यांची अंगं पुसली. "आपण ठरवलं होतं, आपण लढलो," असं तो पाहुण्यांना सांगे आणि ती चहा ओते. आर्चीला आपला हात आठवत होता, वर गेलेला, मनगटावर कारखान्याचंच घड्याळ. समोरच्या हातांचं रान आठवत होतं. पण त्या रानात तिचा हात होता का? तो जितका आठवायला जाई तितके ते हात एकमेकांत मिसळत. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. पाहायची गरजच कधी वाटली नव्हती. आता दोन दिवस तो त्या सभागृहात पुन्हा पुन्हा जाई, मागच्या रांगेकडे बघायचा प्रयत्न करी, आणि दर वेळी तिचे दोन्ही हात मांडीवर दिसत, एकावर एक. त्याची जवळजवळ खात्रीच झाली. म्हणजे आपण तिला त्या बर्फात ओढलं. तिची ती सगळी वर्षं आपण घेतली. रात्री तो छताकडे बघत पडे आणि शेजारी ती शांत झोपलेली असे, याचाही त्याला राग येई.

शनिवारी सिटी स्क्वेअरमध्ये दोन्हीकडची टेबलं समोरासमोर लागली होती. निळे फुगे इकडे, लाल-निळे तिकडे, मध्ये बॅगपाइप वाजवणारा एक पोरगेला इसम. त्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, त्याला फक्त वाजवायचं होतं. आर्ची पत्रकं वाटत होता. बायका पत्रक घेत, हसत, घडी घालून पर्समध्ये ठेवत. गेल्या सहा महिन्यांत अशा शेकडो बायकांना त्यानं 'आपल्या' धरलं होतं. आज प्रत्येक पर्स मिटताना तो आवाज ऐकत होता, टप, टप. तेवढ्यात समोरच्या टेबलामागून डॉड लॅमंड आला. डॉड कारखान्यात अवजारांच्या विभागात होता. संपात दोघं एकाच शेकोटीला उभे राहिलेले. आणि आता डॉडच्या कोटावर 'नाही'चा बिल्ला.

"काय आर्च्या, स्वर्ग वाटतोयस का फुकट?" डॉडनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"तू बस लंडनच्या उंबऱ्यावर, तुकडा टाकतील," आर्ची म्हणाला. लोक वळले. अशा वेळी लोक वळतातच.

"त्र्याण्णव साली पण हाच आवाज होता तुझा! 'आपण जिंकणार, आपण जिंकणार!' जिंकलो का? सांग या लोकांना. माझं घर गेलं, हा शाळेत संडास धुतो! आता परत आलाय, 'आपण जिंकणार' म्हणत!"

"मालकानं बंद केला कारखाना, मी नाही! आणि तो मालक कुणाच्या कायद्यावर नाचत होता रे? लंडनच्याच ना? तेच सांगतोय, बेअक्कल..."

"बेअक्कल कुणाला म्हणतोस?" डॉड जवळ आला. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता. घोळका झाला. एका बाईनं फोन वर धरला. बॅगपाइपवाला थांबला. आर्चीच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, चांगलं जहाल. ते बाहेर यायच्या ऐवजी भलतंच आलं. "डॉड, त्या सभेत तू मागे बसला होतास ना? जोडणीच्या बायकांजवळ?"

डॉड गोंधळला. "कुठल्या सभेत?"

"संपाच्या. नेट्टा होती तिथं. तिनं हात वर केला होता का?"

"आता इथं काय त्याचं?"

"सांग ना."

डॉड खरंच आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून त्यानं वर टाउन हॉलकडे पाहिलं. घोळका वाट बघत होता. "नेट्टा," तो म्हणाला. "नेट्टाचा तर पहिला हात. तुझं भाषण चालूच होतं रे तेव्हा, संपेचना. ती मागून ओरडली, 'झालं ना आता, मत घ्या!' आणि हात वर. आम्ही सगळे हसलो. तुला ऐकू नाही आलं?"

"नाही," आर्ची म्हणाला.

"बरं," डॉड म्हणाला. फोन धरलेल्या बाईनं फोन खाली घेतला. मग डॉड म्हणाला, "अठरा तारखेला हरशील तू, आर्च्या," पण त्यात दम राहिला नव्हता, आणि तो आपल्या टेबलाकडे निघून गेला.

आर्चीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दोन रात्री ज्या पापाखाली तो झोपला नव्हता ते पाप घडलंच नव्हतं. पण घराकडे जाताना, लॉ टेकडीचा चढ चढताना, त्याला उलट काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटत होतं. आपण तिला ओढलं नव्हतं. ती आपल्या पायांनी आली होती, आपल्याआधी. ती शेकोटी तिची होती, तो बर्फ तिचा होता, झाडलेल्या कचेऱ्यासुद्धा तिच्या पराभवाच्या होत्या. त्याच्या पराभवाचं शेपूट नव्हत्या त्या. कारखाना बंद झाला त्या संध्याकाळी तो तिला म्हणाला होता, "मी तुला यात ओढलं, नेट्टा." ती बटाटे सोलत होती. काही बोलली नाही. त्या न बोलण्याला त्यानं क्षमा म्हटलं होतं. आता चढावर दम खात उभा असताना त्याला वाटलं, ती चिडली असेल. भयंकर चिडली असेल. आपण तिचा संपसुद्धा आपल्या नावावर लावून घेतला.

रविवारी तो डॉइगबाईंकडे गेला. डॉइगबाई निवृत्त गणितशिक्षिका. या भागातल्या 'हो'च्या याद्या त्यांच्या जेवणाच्या टेबलावर असत. प्रत्येक दाराला शून्य ते दहा आकडा दिलेला होता. शून्य म्हणजे पक्का 'नाही', दहा म्हणजे पक्का 'हो'. आर्चीनं आपली गल्ली काढली, आपलं दार काढलं. पेट्री, दहा. पेट्री, दहा. मार्चमध्ये त्यानंच लिहिले होते, अगदी सुबक. त्यानं दुसरा दहा खोडला.

"काय केलंत पेट्री?" डॉइगबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हा चुकलाय."

"मग बरोबर काय?"

"माहीत नाही. विचारलं नव्हतं."

"स्वतःच्या बायकोला?" बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मग विचारा की! चार दिवस आहेत अजून."

"नाही विचारणार."

"का?"

"विचारलं तर मी समजावून सांगेन," आर्ची म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, वर्गात न येणारं गणित बरोबर सोडवलेल्या पोराकडे बघावं तसं. मग त्यांनी खोडलेल्या आकड्याशेजारी एक छोटी आडवी रेघ मारली. "पेट्री," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या यादीत अशा किती बायका आहेत हो, ज्यांचं तुम्ही यजमानांना विचारलंत?" दोघांनी मिळून पानं उलटली आणि संध्याकाळपर्यंत पुष्कळ दहा खोडले.

राहिलेले दिवस तो घरात गप्प होता. इतका गप्प, की त्याला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येई. सार्वमतावर बोलायचं नाही, हे एकदा ठरवल्यावर त्याला कळलं की इतर कशावर बोलायचं तेही आपल्याला येत नाही. हवेवर बोलावं तर त्यातही त्याच्याकडे काहीतरी माहिती असे. नेट्टानं दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "दुखतंय का कुठं?" "नाही." बुधवारी संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या तुझा मोठा दिवस," आणि थांबली. थांबून राहिली. आर्चीनं ब्रेडला लोणी लावलं, कडेपर्यंत, अगदी एकसारखं. "हो," तो म्हणाला. ती उठून भांडी घासायला गेली आणि भांडी जरा जोरात वाजली.

गुरुवारी शाळेला सुट्टी होती, कारण हॉलमध्येच मतदान होतं. आर्चीनं पहाटे टेबलं मांडली, आडोसे उभे केले. बिल्ला घरी ठेवला होता. आज तो कुणाचाच नव्हता, फक्त जॅनिटर होता. सात वाजता दार उघडलं आणि पहिल्या दहा जणांत त्यानं स्वतःचं मत दिलं. या क्षणाची त्यानं आयुष्यभर वाट पाहिली होती. भाषणं होतील, डोळे भरून येतील, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. आडोशाच्या आत एक फळी होती, दोरीला बांधलेली पेन्सिल होती, आणि तो होता. तिथं 'आपण' मावत नव्हतं. फुली मारायला एक माणूस पुरतो. दुसरा आत येऊच शकत नाही, कायद्यानंच. त्यानं फुली मारली. ती त्याला अगदी लहान वाटली, पण तिच्यात एक नीटसपणा होता, नेट्टानं चिमट्यानं बसवलेल्या काट्यासारखा. तो बाहेर आला आणि दारापाशी आपल्या जागी उभा राहिला.

अकरा वाजता नेट्टा आली. मोहरीच्या रंगाचा चांगला कोट घालून आली होती. फाटकाशी दोन्ही बाजूंच्या लोकांनी पत्रकं पुढे केली. तिनं दोन्ही घेतली. टेबलामागच्या कारकुनानं नाव विचारलं आणि ती म्हणाली, "जॅनेट पेट्री." नेट्टाचं हे कागदावरचं नाव त्यानं लग्नानंतर क्वचितच ऐकलं होतं. आडोशाखाली तिचे बूट दिसत होते. ती आत बराच वेळ होती. की त्यालाच तसं वाटलं. बाहेर येऊन तिनं कागदाची घडी पेटीत टाकली, बोटानं नीट आत ढकलली. दारातून जाताना तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी हवं होतं, आर्चीला ते दिसलं, पण काय ते कळेना. "पायरी ओली आहे रे," ती म्हणाली. "कुणीतरी घसरेल." तो फडकं आणायला आत गेला. येईपर्यंत ती गेली होती.

शुक्रवारी सकाळी सहाला तो हॉलमध्ये आडोसे मोडून ठेवत होता तेव्हा रेडिओवर निकाल पक्का झाला. शहरानं 'हो' म्हटलं होतं. देशानं 'नाही' म्हटलं होतं. पंचावन्न, पंचेचाळीस. त्यानं हातातल्या आडोशाची घडी पुरी केली आणि दुसरा घेतला. आठ वाजता स्वयंपाकघरातल्या दोघी बायका आल्या. एकीचे डोळे सुजलेले होते, दुसरी गुणगुणत होती. दोघी एकाच टेबलाशी बसून गाजरं चिरायला लागल्या. पोरं आली, खेळाच्या तासात त्यांनी नेहमीसारखाच गोंगाट केला. दहाला तो घरी गेला.

नेट्टा स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. तिचे डोळे लाल होते. त्यानं कोट काढला, खुंटीला लावला, समोर बसला. येताना त्यानं ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण ते डोळे त्याला समजेनात. "आता रडतेस कशाला?" तो म्हणाला. "तू तर जिंकलीस."

ती म्हणाली, "तुला कसं माहीत?"

"रेंझोच्या दुकानात होतो. रेडिओ चालू होता."

"कधी?"

"नऊ तारखेला."

"नऊ तारखेला," ती म्हणाली. तिनं बोटांवर मोजलं. "दहा दिवस! दहा दिवस तू गप्प होतास? मला वाटलं तुला काहीतरी झालंय, आर्ची! मी डॉक्टरची वेळ घेतली तुझ्यासाठी! रोझीला फोन करून रडले, म्हटलं, बाबाला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय बहुतेक, तो टीव्हीवर ओरडतसुद्धा नाही!"

"मला वाटलं, तुला समजावून सांगितलेलं आवडत नाही."

"नाहीच आवडत! म्हणून काय गप्प बसायचं? भांड ना! इतकी वर्षं एकटाच बोलतोस आणि एकटाच गप्प होतोस. मधे मी कुठं येते? मी वाट बघत होते, आर्ची. बुधवारी वाट बघितली. शाळेत दारात उभी राहिले, म्हटलं, आता तरी विचारेल. तर हा गेला फडकं आणायला!"

"तूच म्हणालीस पायरी ओली आहे."

"अरे मग काय म्हणू दुसरं!" तिनं टेबलावर हात आपटला. पलीकडच्या शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं. चौतीस वर्षांत त्यांच्या भिंतीवर कुणी कधी ठोकलं नव्हतं. दोघांनी भिंतीकडे पाहिलं.

"रडत का होतीस मग?" त्यानं विचारलं.

"तू यायचा होतास म्हणून. तुझा चेहरा कसा असेल म्हणून. आणि मी फुली मारली ती पुन्हा मारेन, त्यासाठी नाही रडले, हे आधी ऐकून ठेव."

"का मारलीस?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो खरंच विचारतोय की नुसती वाट करून देतोय, हे ती तपासत होती. मग तिनं सुरुवात केली. आधी अडखळत, मग सलग. इंग्लंडशी होणारी बॉर्डर, रोझी, तिची पोरं. मग भलतंच, कारखाना, हरलेला संप, मोठ्या शब्दांनी एकदा भरलेली आणि रिकामी झालेली पोतडी, ती पुन्हा भरून नकोय म्हणाली. मग झेंड्यांबद्दल काहीतरी. आर्चीला एकूण एक मुद्दा चुकीचा वाटत होता. त्याचं तोंड उघडे आणि तो ते मिटे. जबडा दुखायला लागला. पण मध्येच त्यानं "हे मात्र साफ चूक आहे," म्हटलं तेव्हा नेट्टा थांबली नाही. "चूक तर चूक, पुरतं ऐक," म्हणाली आणि पुढे गेली. मग तो बोलला, मग ती, मग दोघं एकदम. चहा झाला. सूप गरम करायचं राहिलं. अणुपाणबुड्यांवर तिनं त्याला असा एक प्रश्न विचारला की त्याच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि "नाही माहीत मला," हे वाक्य त्यानं स्वतःच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा उच्चारलं. ते उच्चारल्यावर काहीच कोसळलं नाही.

फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. "मिस्टर पेट्री? बरं आहे ना? सव्वादोन वाजलेत. तुम्ही कुठं आहात?"

"घरीच आहे, मॅडम. उशीर होईल जरा."

"काय झालं?"

"वाद चाललाय."

"आज सगळीकडेच चाललाय," मुख्याध्यापिका थकल्या आवाजात म्हणाल्या. "कुणाशी?"

"बायकोशी."

"अरे देवा. संपेल का लवकर?"

आर्चीनं नेट्टाकडे पाहिलं. ती किटलीत पुन्हा पाणी भरत होती आणि मान वळवून, पुढचा मुद्दा तोंडात तयार ठेवून, त्याचा फोन संपायची वाट बघत होती.

"नाही वाटत, मॅडम," तो म्हणाला. "आत्ताशी सुरू झालाय."